रिपोर्ट क्लीन आला तरी दोन वर्षं औषध? आणि ते सिग्नलचं काय?

निपाणीचा_मामा:
नमस्कार मंडळी. माझा भाचा ५ वर्षांचा, एएलएल आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सर (ल्युकेमिया), बी-सेल प्रकारचा. इंडक्शन म्हणजे केमोचा पहिला टप्पा झाला, मॅरोची (हाडातल्या मज्जेची) टेस्ट केली, रेमिशन म्हणाले, घरात पेढे वाटले आणि लगेच डॉक्टर म्हणतात अजून दोन वर्षं तरी ट्रीटमेंट. का विचारलं तर म्हणे पेशी मॅरोत दडतात, मॅरोच त्यांना सिग्नल देते, केमोकाइन का काय ते. ओपीडीत एवढी गर्दी की पुढचं विचारायला जमलंच नाही. आई आता म्हणूलालीय पोरगं खातंय हिंडतंय, कशाला त्या सुया, बंद करा. तिला काय सांगू? आणि हे केमिकल म्हणजे फवारणीतलं काय? दाजी तंबाखूला औषध मारतात, त्यांनी मनाला लावून घेतलंय.

टिळकवाडी_बायोटेक:
मामा, आधी दाजींचं. हे केमिकल फवारणीतलं नाही, शरीर स्वतःच बनवतं. आणि एका पोराला कशामुळं झालं हे कोणी सांगू शकत नाही, त्यांना तसं सांगा.
मॅरोतल्या आधार देणाऱ्या पेशी सीएक्ससीएल१२ नावाचं केमोकाइन, म्हणजे पेशींना ओढून घेणारं केमिकल, सोडतात. रक्त बनवणाऱ्या चांगल्या मूळ पेशी त्याच्यामुळंच मॅरोत टिकून राहतात. ल्युकेमियाच्या पेशींवर पण तो सिग्नल पकडणारा तोच रिसेप्टर असतो, सीएक्ससीआर४, मग त्या त्याच वासावर तिथं जाऊन चिकटतात, आणि तिथं जगायला मदत मिळते म्हणून केमो कमी लागू पडते. रेमिशन म्हणजे मायक्रोस्कोपखाली ब्लास्ट (कच्च्या पेशी) ५ टक्क्यांच्या आत, शून्य नव्हे. एमआरडी, म्हणजे उरलेला आजार मोजायची टेस्ट, १० हजारात एक पेशी पण शोधते, ती केली का विचारा.

निपाणीचा_मामा:
मग तो रिसेप्टरच बंद करायचं औषध नाही का हो?

टिळकवाडी_बायोटेक:
आहे की, प्लेरिक्साफॉर. पण त्याचा नेहमीचा वापर वेगळाच, ट्रान्सप्लांटसाठी मूळ पेशी मॅरोतून रक्तात आणायला देतात. पेशी बाहेर काढून मग केमो द्यायची ही आयडिया ल्युकेमियात तपासून झालीय, पोरांच्यात पण, पण रुटीन ट्रीटमेंट नाही झाली. टी-सेल प्रकारच्या एएलएलमध्ये गोष्ट अजून वेगळी, तिथं दहातल्या साधारण एका पोरात आयएल-७ या वाढीच्या सिग्नलचा रिसेप्टरच बिघडलेला असतो, सिग्नल आला नाही तरी आतलं बटण चालूच. तुमचा बी-सेल, ते डोक्यात घेऊ नका.

खानापूरची_आई:
दादा, माझ्या लेकीची ट्रीटमेंट मागच्या वर्षी संपली. आमच्याकडं पण सासूबाई हेच म्हणायच्या. मधेच सोडलं तर राहिलेल्या पेशी परत वाढतात, आणि परत आलेला आजार बरा करणं जास्त अवघड, हे डॉक्टरांकडूनच त्यांच्या कानावर घाला, आपलं कोण ऐकतंय. पाठीतल्या सुईला घाबरू नका, शिरेतली बरीच औषधं मेंदूकडं नीट पोचत नाहीत म्हणून ती देतात. मेंटेनन्समध्ये, म्हणजे शेवटच्या लांब टप्प्यात, सिक्स-एमपी ही केमोची गोळी रोज असते, ती चुकवू नका. ताप आला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, घरगुती काढा वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

निपाणीचा_मामा:
थँक्यू ताई. गुरुवारी ओपीडी आहे, आईलाच घेऊन जातो आणि एमआरडीचा आकडा पण मागतो.