मदत हवी आहे: स्टीफन्स क्विन्टेटचा सिग्मा २५५७ किमी/से. येतोय, चुकतंय कुठे?

मृगशीर्ष

हिक्सन ९२ (स्टीफन्स क्विन्टेट) या संहत दीर्घिका-गटाचं व्हिरियल वस्तुमान (सदस्यांच्या वेगांचा पसारा आणि गटाची त्रिज्या यांवरून निघणारं) काढायचं आहे. घेतलेले आपल्यापासून दूर जाण्याचे वेग, किमी/से. मध्ये:

एनजीसी ७३१७: ६५९९
७३१८ए: ६६३०
७३१८बी: ५७७४
७३१९: ६७४७
७३२०: ७८६

या वेगांचं प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा (एन-१ ने भागून) २५५७ आलं. भल्यामोठ्या गुच्छातही ते हजाराच्या आसपास असतं, म्हणजे हे चूकच. सरासरीपासून १००० च्या पलीकडचे सदस्य गाळून पाहिले तर फक्त ७३१८बी उरते! कृपया मार्ग सुचवा.

देवयानी

सरासरी नको, मध्यक घ्या. ७३२० मुळे सरासरी ५३०७ वर घसरली आहे, म्हणून खरे सदस्यच बाहेर पडतायत. मध्यक ६५९९ आहे. त्यापासून ७३२० चं अंतर ५८१३, ती गेली. ७३१८बी चं ८२५, ती राहिली.

७३२० मुळात या गटातली नाहीच. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, बाकीच्या चौघी २९ कोटींच्या आसपास. खगोलशास्त्रज्ञ पॉल हिक्सन यांची १९८२ ची १०० गटांची यादी पालोमारच्या लाल छायाचित्रांवरून केलेली. अटी तीन: सर्वांत तेजस्वी सदस्यापासून ३ प्रतींच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप) आत किमान चार दीर्घिका, गटाच्या व्यासाच्या तिप्पट वर्तुळात तशी दुसरी दीर्घिका नको, आणि सरासरी पृष्ठतेज (आकाशातल्या दर चौरस आर्कसेकंदामागचं तेज) २६ प्रतींपेक्षा उजळ. यात वेगाची अट कुठेच नाही. वेग मोजल्यावर १९९२ मध्ये १००० किमी/से. ची चाळणी लावली, तेव्हा १०० पैकी ९२ गटांत किमान तीन खरे सदस्य सापडले, किमान चार फक्त ६९ गटांत. त्यामुळे यादीतला कुठलाही गट घेतलात तरी आधी चाळणी, मग गणित.

आता चार वेगांवर सिग्मा ४४७ येतो. (१+झेड) ने (झेड म्हणजे ताम्रसृती, इथे वेग भागिले प्रकाशवेग), म्हणजे १.०२१५ ने भागा: ४३८. मोजमापाच्या त्रुटीचा वर्गही सिग्माच्या वर्गातून वजा करा. एवढ्या कमी सदस्यांसाठी गॅपर पद्धत बरी. वेग चढत्या क्रमाने लावा, लागोपाठची अंतरं घ्या (८२५, ३१, ११७), त्यांना ३, ४, ३ ने गुणून बेरीज करा (२९५०), मग पायचं वर्गमूळ भागिले १२ ने गुणा. उत्तर ४३६.

मृगशीर्ष

आभार. म्हणजे ४३६ (भागून ४२७) धरून पुढे जाऊ?

देवयानी

थांबा, एकदा ७३१८बी काढून पाहा. उरलेल्या तिघींचा सिग्मा ७८ येतो. वस्तुमान सिग्माच्या वर्गावर चालतं, म्हणजे एका दीर्घिकेपायी उत्तर साधारण ३३ पट बदलतंय. पद्धत बदलून हे सुटणार नाही.

कारण भौतिक आहे. ७३१८बी गटाच्या वायूत सुमारे ९०० किमी/से. वेगाने घुसतेय. त्या धडकेचा पट्टा रेडिओ, क्ष-किरण आणि रेण्वीय हायड्रोजनच्या उत्सर्जनात ठळक दिसतो. व्हिरियल सूत्र गट स्थिरावलेला धरतं. इथे ते गृहीतच कोसळतं.

कृत्तिका

देवयानींना अनुमोदन. अजून एक खड्डा सांगते. व्हिरियल सूत्रात त्रिज्येसाठी प्रत्येक जोडीच्या अंतराच्या व्यस्तांची बेरीज असते. ७३१८ए आणि बी यांची केंद्रं आकाशात जवळजवळ चिकटलेली आहेत, म्हणून ती एकच जोडी बेरजेचा मोठा वाटा खाते आणि त्रिज्या खोटी लहान येते. म्हणजे सिग्मा फुगलेला, त्रिज्या आकसलेली. दोन चुका एकमेकींना थोड्या झाकतात, त्यामुळे आकडा पटण्यासारखा दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. अंतरं काढताना १ आर्कमिनिट म्हणजे अंदाजे २६ किलोपार्सेक धरा.

वस्तुमानच हवं असेल तर हिक्सन ६२ घ्या. तिथे गरम वायूचा प्रभामंडल क्ष-किरणांत दिसतो. त्याचं तापमान आणि घनता केंद्रापासून कशी उतरते यावरून, वायू जलस्थैतिक समतोलात (दाब आणि गुरुत्वाकर्षण एकमेकांना तोलून) आहे असं धरून, वस्तुमान काढता येतं. चार वेगांच्या भरवशावर राहावं लागत नाही.

मृगशीर्ष

पटलं. क्विन्टेटसाठी ४२७ आणि ७८ (भागून ७६) दोन्ही आकडे कारणासकट लिहितो, वस्तुमान ६२ चं काढतो.