धडधड, वजन आणि थायरॉईड

आईची धडधड चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दगदगीची असेल, ईसीजीत ठोके अनियमित आले तरी थायरॉईड कशाला तपासायचा, असं वर विचारलंय. वजनही उतरलंय म्हणता, तर टीएसएच, फ्री टी३, फ्री टी४ या थायरॉईडच्या रक्ततपासण्या लगेच करून घ्या. दगदगीची धडधड बसलं की शमते. थायरॉईडचं संप्रेरक वाढलं असेल तर झोपेतही नाडी जलदच राहते.

हे संप्रेरक जास्त झालं की हृदय विश्रांतीतही दौडत राहतं. साठीनंतर धोका वेगळाच. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तिथे गुठळी होऊन मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवायचं औषध लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

फोंड्याच्या माझ्या आत्याला हाच थायरॉईडचा त्रास होता, पण ना गळ्याला सूज, ना डोळे बाहेर आलेले. माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) सुपारीचे घड बांधताना बोटं थरथरायची आणि मनगटावर नाडी मध्येच चुकायची, एवढंच. घरचे वयावर ढकलत राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रोप्रॅनोलॉल या ठोके मंदावणाऱ्या गोळीने धडधड लवकर उतरते, पण दमा असेल तर आधी सांगा. थायरॉईडचं संप्रेरक कमी करणाऱ्या कार्बिमाझोलला काही आठवडे लागतात. ते चालू असताना ताप किंवा घसादुखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाणार असाल तर तो ईसीजी बरोबर न्या. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम लागला तर रिपोर्टची वाट न बघता १०८ ला फोन करा.