एव्हीआरचा कोड एसटीएम३२ वर: कंपाइल होतो, चालत नाही

प्रश्न (बिटखोर): एटीमेगा३२८पी (८ बिटची एव्हीआर चिप) वरचा लॉगरचा सी कोड एसटीएम३२एफ०३० (३२ बिटची एआरएम कॉर्टेक्स-एम० चिप) वर आणतोय. जीसीसी कंपाइलर एकही वॉर्निंग देत नाही, पण ७ बाइटची सिरियल फ्रेम १२ ची जाते, आलेल्या बफरमधून ३२ बिटचा आकडा उचलला की हार्डफॉल्ट येतो (प्रोसेसर चूक पकडून अडतो), आणि टायमर सुरू केला की मेन लूप पुढे सरकतच नाही. उद्या तिसरी चिप आली तर? रचना कशी ठेवावी?

सोल्डरगन: पहिली दोन दुखणी एकाच मुळाची. स्ट्रक्टमध्ये १ बाइट आयडी, ४ बाइट वेळ, २ बाइट रीडिंग असणार. ८ बिटच्या एव्हीआरला अलाइनमेंटशी (डेटा ठराविक पटीच्या पत्त्यावर असण्याशी) देणंघेणं नाही, म्हणून ७. एआरएमवर वेळ ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर हवी, म्हणून मध्ये ३ आणि शेवटी २ बाइट पॅडिंग (रिकामी भर). बफरमधला पत्ता तसा नसला की हार्डफॉल्ट. पॅडिंग काढून टाकणारं ‘पॅक्ड’ लावून मोकळे होऊ नका. फ्रेम ७ ची होईल, पण वेळेचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला दिलात की कॉर्टेक्स-एम० पुन्हा आडवा. एम३, एम४ असे पत्ते बहुधा खपवून घेतात, त्यामुळे मोठ्या बोर्डवर चूक दिसतच नाही.

फ्रेम एकेक बाइट शिफ्ट करून भरा आणि वाचा. शिफ्टच्या आधी बाइट ३२ बिट अनसाइन्डमध्ये कास्ट करा. एव्हीआरवर इंट १६ बिटचा. कास्ट विसरलात तर १६ ने शिफ्ट केल्यावर काय हाती लागेल याचा भरवसा नाही.

रजिस्टरवाला: टायमरचं सोपं आहे. एव्हीआरमध्ये आयएसआरमध्ये (इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) शिरताच टायमरचा इंटरप्ट फ्लॅग आपोआप उतरतो, एसटीएम३२ मध्ये यूआयएफ हा तसाच फ्लॅग हाताने पुसावा लागतो. तोही आयएसआरच्या सुरुवातीला. शेवटच्या ओळीत पुसलात तर पेरिफेरलपर्यंत (इथे टायमरपर्यंत) राइट पोचायच्या आत आयएसआर संपतो आणि लगेच पुन्हा लागतो.

बिटखोर: फ्लॅग पुसला, लूप चालू झाला. रचनेचं?

सोल्डरगन: लॉजिकच्या फाइलमध्ये एकही इफडेफ (चिपनुसार कोड निवडणारी अट) नको. प्रत्येक चिपला एक पोर्ट फाइल. तिच्यात ‘मिलिसेकंद दे’, ‘बाइट पाठव’, ‘सेटिंग साठव’ एवढीच फंक्शन्स. रजिस्टरागणिक रॅपर लिहिणं म्हणजे नुसती हमाली. ३२ बिटचा मिलिसेकंद काउंटर एव्हीआर चार तुकड्यांत वाचतो, तेव्हा मध्येच आकडा बदलू नये म्हणून तिथे इंटरप्ट क्षणभर बंद. एम० वर गरज नाही. एफ०३० मध्ये ईईप्रॉम (बाइट-बाइट बदलता येणारी कायमची मेमरी) नाही, सेटिंग फ्लॅशच्या पेजात जातील आणि पेज अख्खं पुसावं लागेल. हे सगळं पोर्ट फाइलच्या पोटात.

रजिस्टरवाला: लॉजिक पीसीवरही कंपाइल करा, अलाइनमेंट बिघडवणारे पॉइंटर कास्ट दाखवणारी जीसीसीची कास्ट-अलाइन=स्ट्रिक्ट वॉर्निंग लावून. साधं कास्ट-अलाइन पीसीवर गप्प बसतं.