पावसात विहिरीत ई. कोलाय: नुसत्या ब्लीचिंगने भागेल का?

बागायत_डिचोली
घरची चिऱ्यांनी बांधलेली उघडी विहीर. व्यास 2.4 मीटर, सध्या पाणी 5 मीटर. मे महिन्यातला अहवाल चांगला होता, जुलैच्या नमुन्यात ई. कोलाय (मैल्यातले जंतू) निघाले. पीएच 5.8, लोह लिटरला 0.6 मिलिग्रॅम, नायट्रेट लिटरला 31 मिलिग्रॅम (मे महिन्यात 9). शेजारचा सोकपिट (मैलापाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) चढावर, विहिरीपासून 8 मीटरवर. चवथीला घर भरलेलं असेल. ब्लीचिंग किती आणि कसं घालायचं? डासांच्या अळ्या खायला आरोग्य केंद्राने सोडलेले गप्पी मासेही आहेत.

विहीरमित्र
आधी पाणी मोजू. 3.14 × 2.4 × 2.4 ÷ 4 × 5 म्हणजे 22.6 घनमीटर, साधारण 22,600 लिटर. रोजची मात्रा 1000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 56 ग्रॅम. पण ई. कोलाय निघाल्यावर पहिल्यांदा जोरकस मात्रा द्यावी लागते: लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन. पावडर ताजी, 33 टक्के क्लोरीनची असेल तर सुमारे साडेतीन किलो. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पोतं महिन्याभरात मरगळतं, म्हणून सीलबंद पुडा घ्या.

कोरडी पावडर विहिरीत कधीच फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. तळाला चुन्याचा गाळ बसतो, तो बाहेर टाकायचा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत बुडवा आणि खालवर हलवत राहा. साडेतीन किलो एका बादलीत मावत नाही, चार-पाच खेपा करा. वारा पाठीवर येईल असे उभे राहा, विहिरीत उतरू नका.

त्यानंतर पंप चालवून टाकी भरा, क्लोरीनचा वास येईपर्यंत घरातला प्रत्येक नळ सोडा आणि बारा तास पाणी वापरू नका. मग उपसा. ते पाणी कुळागरात (पोफळीच्या बागेत), ओहोळात किंवा सेप्टिक टाकीत सोडायचं नाही: पहिल्यात मुळं, दुसऱ्यात मासे, तिसऱ्यात मैला कुजवणारे जंतू मरतात.

गप्पी आधी जाळीने काढून बिनक्लोरीनच्या टाकीत ठेवा. रोजच्या मात्रेतही ते तगत नाहीत. त्यांच्याऐवजी विहिरीवर डासांची जाळी घट्ट बसवा, पाइपाभोवतीची फटही बुजवा. मलेरियाचा डास तेवढ्यातूनही आत जातो.

जांभा_आणि_पाणी
वरची रीत बरोबर आहे, पण विहीर तेवढ्याने सुरक्षित होणार नाही. जांभा सच्छिद्र, त्यात पोकळ्या आणि नळ्या. पावसात पाण्याची पातळी झपाट्याने वर येते, सोकपिटाच्या तळाला भिडते आणि मैलापाणी मातीत गाळलं न जाताच विहिरीकडे धावतं. मे महिन्यात अहवाल चांगला येण्याचं कारण हेच. नायट्रेट 45 च्या मर्यादेत आहे, पण 9 वरून 31 झालं, हा मैल्याचा माग आहे. किमान अंतर 15 मीटर धरतात; जांभ्यात, तेही उताराच्या खालच्या बाजूला, मी तेवढ्यावरही विसंबणार नाही.

तुमच्या हातातलं काम: चिऱ्यांचे वरच्या तीन मीटरमधले सांधे पाणी उतरल्यावर सिमेंटने भरून घ्या, कठडा 75 सेंटिमीटर, भोवती एक मीटर रुंद, बाहेर उतरता ओटा आणि त्याला गटार. यानं वरून झिरपणारं थांबेल. खालून येणारं थांबवायला सोकपिटच हलवावा लागेल.

नमुना_बाटली
सोकपिटासाठी शेजाऱ्यांशी आधी बोला. जमलं नाही तर तुमच्या भागाच्या आरोग्य केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, दोन्ही अहवाल आणि अंतराचा कच्चा नकाशा जोडा. गोवा सार्वजनिक आरोग्य कायदा, 1985 खाली पाहणी करून ते नोटीस काढू शकतात. अर्जाची पोच घ्या. विहीर जलस्रोत खात्याकडे नोंदवली आहे ना, तेही पाहा.

फेरतपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक घ्या आणि क्लोरीन घातल्याचं आधी सांगा. त्या बाटलीत क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट असतं, ती विसळू नका. नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली बर्फाच्या डब्यातून, शक्यतो सहा तासांत पोचवा. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्यच हवेत. तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळा. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, तान्ह्या बाळाच्या दुधासाठी हे पाणी नको.

बागायत_डिचोली
आभार. काल पावडर घातली, पाणी तांबूस झालंय! आणि तपासणीच्या किटमध्ये गडद पिवळा रंग येतोय.

विहीरमित्र
तांबूस रंग लोहाचा. विरघळलेलं लोह क्लोरीन लागताच गंजासारखं बाहेर पडतं. रात्रभर बसू द्या, वरचं उपसा, तोवर पांढरे कपडे धुऊ नका. पिवळ्या रंगावरही विसंबू नका: ऑर्थोटोलिडीनचा किट लोहामुळे फसतो. डीपीडीचा, गुलाबी रंगाचा किट घ्या आणि निवळलेल्या पाण्यावर वापरा. रोजच्या मात्रेनंतर तासाभराने लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. कमी आलं तर मात्रा थोडी वाढवून पुन्हा मोजा. पावसात विहिरीत सतत नवं पाणी येतं, त्यामुळे एक दिवसही चुकवू नका; पावडर रात्री वापर थांबल्यावर घाला.

जांभा_आणि_पाणी
घरात यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा) फिल्टर असेल तर गढूळ, तांबूस पाणी त्यात घालू नका. गाळाआड जंतू प्रकाशापासून वाचतात.