ऑटोमॅटिक स्क्रीन प्रिंटिंग मशीन : कारागिरांच्या सुरक्षिततेबाबत मदत हवी आहे

नमस्कार. जळगाव एमआयडीसीतील आमच्या लहान युनिटमध्ये टी-शर्ट छपाईसाठी गोल फिरणारे ऑटोमॅटिक मशीन बसवले असून, आजवर हाताच्या टेबलावर काम केलेले कारागीर आता ते चालवणार आहेत. हाताच्या टेबलावर पॅलेट (टी-शर्ट चढवायची फळी) आपण फिरवतो. येथे सगळे पॅलेट ठरलेल्या वेळी, कोणाचीही वाट न पाहता एकदम पुढे सरकतात, आणि कापडाची सुरकुती काढायला पुढे गेलेली बोटे पॅलेट व स्क्रीनच्या मध्ये सापडू शकतात.

मुख्य शंका हवेच्या दाबाची आहे. मेन स्विच बंद केला तरी कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये दाब शिल्लक राहतो, त्यामुळे स्क्वीजी (शाई ओढणारी रबरी पट्टी) बदलताना हवेच्या दाबावर चालणारे प्रिंट हेड (छपाई करणारा भाग) अचानक हलण्याचा धोका असतो. कुलूप लावता येईल आणि उरलेली हवाही बाहेर सोडेल असा व्हॉल्व्ह कोणी बसवला आहे का?

धोकादायक भागांना संरक्षक कुंपण असावे, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही कलम २१ मध्ये घातली होती. पण कपडा चढवण्या-उतरवण्याची बाजू उघडीच ठेवावी लागते. तेथे हात आत जाताच मशीन थांबवणारा लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा) टिकतो का, की जाळीचे गेटच बरे? (गेट उघडताच मशीन थांबवणाऱ्या स्विचवर चिकटपट्टी लावून तो निकामी करणारे महाभाग सगळीकडे असतात.)

आणखी एक अडचण खास आपल्याकडची आहे. मे महिन्यात खान्देशात पारा ४४ अंशांवर जातो, त्यात फ्लॅश हीटरची (छापलेली शाई वाळवणाऱ्या हीटरची) धग, त्यामुळे माणसे गळ्यातला रुमाल सोडत नाहीत, आणि तो फिरत्या मशीनमध्ये अडकण्याची भीती असते. यावर आपण काय उपाय केला, ते कृपया सविस्तर कळवावे.