थिएटरात आता भीती वाटते तरी का?

रात्रीचा_शो:
गेली चार वर्षं मी आणि माझी धाकटी बहीण नागपुरात लागलेला जवळपास प्रत्येक भयपट थिएटरात जाऊन पाहतोय, तोही शक्यतो रात्री. घरचे म्हणतात, थोडं थांबलं की मोबाइलवर येतोच. पण काळोखात दोनशे अनोळखी माणसं एकाच वेळी श्वास रोखतात, ते मोबाइलवर कुठून मिळणार?

म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. 2024 साली 'मुंज्या' आणि 'स्त्री 2' तुफान चालले आणि तेव्हापासून भूत आलं की विनोद हवाच, असं जणू ठरूनच गेलंय. 2025 च्या दिवाळीतला 'थामा' त्याच माळेतला. भीती अंगावर चढायला लागते न लागते तोच कुणीतरी पात्र काहीतरी बोलतं, सगळे हसतात आणि चढलेलं सगळं उतरून जातं.

'मुंज्या'बद्दल तर मला मनापासून वाईट वाटतं. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला आणि पिंपळावर बसला, ही आपल्या घराघरातली गोष्ट. आजोळी पिंपळाखालून जाताना मामा काही न बोलता माझा हात घट्ट धरायचा, तो दाब मला अजून आठवतो. सिनेमाची सुरुवात तशीच आहे, 1952 सालची, खरोखर अस्वस्थ करणारी. पुढे मात्र संगणकावर केलेला एक प्राणी उड्या मारत राहतो.

याउलट जून 2025 मधला मराठी 'जारण', म्हणजे करणी. हृषीकेश गुप्ते यांचा. त्यातल्या राधावर लहानपणी खरंच कुणी काही केलं होतं, की तो तिच्या मनाचा आजार आहे, हा प्रश्न सिनेमा आपल्याला सोडवून देत नाही. राधा झालेल्या अमृता सुभाषच्या चेहऱ्याकडे पाहताना आपली बाजू दर पाच मिनिटांनी बदलते. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी मध्यंतरानंतर चपला काढून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, ते शेवटपर्यंत खाली सोडले नाहीत. भयपट चांगला की वाईट, हे मला तेवढ्यावरून कळतं.

माझं म्हणणं एवढंच: भीतीत हशा मिसळला की भीती मरते. पटतं का?

भाऊ_इतवारी:
नाही पटत ताई. तुम्ही एकाच बाजूनं पाहून राहिल्या.

माही माय अडुसष्ट वर्षांची. टॉकीजात गेल्याले तिले बारा-तेरा वर्षं झाली होती. 'स्त्री 2' ले तिले आम्ही घेऊन गेलो, ते पण हसाले भेटते म्हणून. तो बिनमुंडक्याचा सरकटा आला तवा तिनं माह्या मनगटाले असं पकडलं का नखं उमटली. मंग दोन मिनिटानं पदर तोंडाले लावून हसे. घरी येऊन रात्री बारा वाजेपर्यंत तिनं आम्हाले तिच्या गावची हडळीची गोष्ट सांगितली. माह्या पोरानं ते पहिल्यांदा ऐकली. हे तुमच्या त्या गंभीर पिच्चरनं झालं असतं काय?

अन् गावात गोष्ट सांगणारा माणूस काय करे? आधी हसवे. सारे ढिले पडले का मंग हळूच आवाज खाली आने. हसलेला माणूस जास्त घाबरते. आपल्या लोकाईची रीतच हे आहे.

रात्रीचा_शो:
भाऊ, आईंचं वाचून खूप छान वाटलं. पण तुम्हीच सांगितलं ना, आधी हसवणं आणि मग आवाज खाली आणणं. हे सिनेमे बरोबर उलटं करतात. आधी घाबरवतात आणि लगेच हसवून मोकळं करतात. गोष्ट सांगणाऱ्याला ते चाललं नसतं.

काचेचा_कंदील:
विनोदापेक्षा मोठा गुन्हेगार आवाज आहे. एकदम शांतता, मग कानठळ्या. दचकणं म्हणजे घाबरणं नव्हे, पाठीमागून फटाका फोडला तरी माणूस दचकतो. 'भ्रमयुगम' आठवा, फेब्रुवारी 2024. अख्खा कृष्णधवल, मोजकी पात्रं, एक पडका वाडा आणि मामूटीचं हसू. मल्याळम येत नसूनही खालच्या ओळी वाचत बसलो आणि घरी आल्यावर जिन्यातला दिवा बंद करवेना.

शांततेवर उभा असलेला सिनेमा दाखवणाऱ्यांनीही जरा समजून दाखवावा. 'जारण' मी शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. ऐन शांततेच्या प्रसंगात शेजारच्या पडद्यावरच्या मारामारीचे ठोके भिंतीतून धडधड येत होते. बाहेर जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, 'सर, तिकडे हाउसफुल आहे.' हळू बोलणाऱ्या सिनेमाचे असे हाल होणार असतील तर निर्माते आवाज वाढवणारच.

विवेकाचा_दिवा:
मला या सगळ्या चर्चेचीच दिशा खटकते. भीती चांगली वाटली की नाही यावर आपण बोलतोय, पण कशाची भीती, हे कुणी विचारत नाही.

'शैतान' या हिंदी सिनेमात परका माणूस येतो, काहीतरी खायला देतो आणि मुलगी त्याच्या वशात जाते. 'जारण'चं तर नावच जारण. आपण विदर्भात राहतो. 2021 साली चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायकांना भर चौकात बांधून मारलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं संघटित काम 1982 मध्ये याच नागपुरातून श्याम मानव यांनी उभं केलं. दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. चाळीस वर्षं माणसं गावोगाव फिरून 'करणी नसते' सांगतात आणि अडीच तासांचा सिनेमा ती पडद्यावर खरी करून दाखवतो. सुरुवातीला दोन ओळींची सूचना टाकली की जबाबदारी संपली?

रात्रीचा_शो:
हा मुद्दा मी हलक्यात घेणार नाही. 'शैतान' बद्दल मी तुमच्या बाजूने आहे. तिथे वशीकरण खरंच आहे, त्यात शंकेला जागाच नाही. ज्या गुजराती 'वश' वरून तो केला, त्यातही नाही. जानकी बोडीवाला दोन्हींत जीव तोडून काम करते, पण सिनेमाला विचारायला प्रश्नच उरत नाही.

'जारण' मात्र वेगळा. तिथे करणीपेक्षा करणीवरचा विश्वास माणसाला पोखरतो. लहानपणी मनात बसलेली भीती एका शिकल्यासवरल्या बाईचं काय करते, हे तो दाखवतो. माझ्या एका मावशीला वर्षभर देवऋष्याकडे नेत होते, मानसोपचारतज्ज्ञाकडे खूप उशिरा नेलं. सिनेमा पाहताना मला तीच आठवत होती.

विवेकाचा_दिवा:
तुम्ही मावशीचा अनुभव घेऊन गेलात म्हणून तुम्हाला आजार दिसला. माझ्या शेजारी बसलेला माणूस बाहेर पडताना बायकोला म्हणत होता, 'पाहिलं ना, कुणाच्या घरचं काही खायचं नाही.' संदिग्धता तुमच्यासारख्यांना सुंदर वाटते. ज्याचा आधीच विश्वास आहे, तो आपल्याला हवी तीच बाजू उचलतो.

पानगळ_नागझिरा:
'तुंबाड' चं नाव अजून कसं निघालं नाही? त्याची मुळं आपल्या जंगलात आहेत. राही अनिल बर्वे यांना 1993 मध्ये नागझिऱ्यात मित्राने रात्री एक गोष्ट सांगितली होती. पुढे कळलं की ती नारायण धारपांची. 2018 साली 12 ऑक्टोबरला सिनेमा आला, फारसा चालला नाही. 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. मी दोन्ही वेळा पाहिला. पहिल्यांदा आम्ही मोजून चौदा जण होतो. दुसऱ्यांदा तिकिटासाठी ओळख काढावी लागली.

विवेकभाऊ, त्यात हस्तर नावाचा लोभी देव आहे, शाप आहे, पण घरी आल्यावर मनात राहतात त्या पिठाच्या बाहुल्या आणि बापाच्या मागोमाग त्या विहिरीत उतरणारा पोरगा. घाबरवतो तो बापाचा लोभ. तो पाहून कुणी शेजारणीवर संशय घेणार नाही. भूत दाखवायला माझी हरकत नाही. भूत कुणाच्या अंगावर ढकललं जातंय, ते पाहावं. करणी करणारी बाई दाखवली की खेड्यात एखादी एकटी बाई धोक्यात येते. एवढं तुमचं मला मान्य आहे.

भाऊ_इतवारी:
हे पटलं. पण मुंज्यानं कोणती बाई धोक्यात आली सांगा! पिंपळावरचं पोट्टं हाय ते.

रात्रीचा_शो:
हो, तेवढं श्रेय मुंज्याला द्यायलाच हवं. मी तसा विचारच केला नव्हता. तरी भाऊ, ते पोट्टं पहिल्या दहा मिनिटांसारखं शेवटपर्यंत राहिलं असतं तर तुमच्या माईंनी दोन्ही मनगटं धरली असती.

काचेचा_कंदील:
एक राहिलंच. 2024 च्या नोव्हेंबरपासून सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 वर्षांच्या पायऱ्या केल्यात. पण ती फक्त पालकांसाठी सूचना आहे, दारावर कुणी अडवत नाही. मागच्या महिन्यात रात्री पावणेअकराच्या शोला माझ्या मागे सहाएक वर्षांची मुलगी होती. ती पडद्याकडे पाठ करून खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती आणि दर थोड्या वेळाने बापाला विचारत होती, 'गेलं का ते?' बाप म्हणायचा, 'हो, गेलं.' पडद्यावर ते तिथेच होतं.