मदत हवी: निकाल लागला, ७५ होत नाहीत, ताबडतोब काय करावं लागेल?

लूमवाले_बाबा | ६ मे २०२५, सकाळी ६:१०
काल दुपारी एकला बारावीचा निकाल लागला. मुलीचे ७५ होत नाहीत. केमिस्ट्रीत गडबड आहे हे नक्की, कारण पेपर झाल्या दिवशी तिने माझ्यासमोर बसून एकेक उत्तर ताडून बघितलं होतं. संध्याकाळी कॉलेजात गेलो तर 'मूळ गुणपत्रिका आल्यावर या' म्हणाले. तेवढं थांबता येणार नाही. रिचेकिंगचा फॉर्म कुठे मिळतो? किती दिवसांत मार्क बदलून येतात? पुण्याला बोर्डात समक्ष गेलं तर काम होतं का? उद्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघायची तयारी आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. नुसता धीर नको, रात्रभर तेच ऐकलंय.

जुळे_सोलापूरकर | ६:३२
७५ कशाचे? टक्के का मार्क? बोर्ड कुठलं? सीबीएसईचा निकाल तर अजून लागलेलाच नाही. केमिस्ट्रीत किती पडले, थिअरी किती, प्रॅक्टिकल किती? काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

लूमवाले_बाबा | ६:४०
स्टेट बोर्ड, सायन्स. केमिस्ट्री ६६. ७५ म्हणजे टक्केच की. फॉर्मचं सांगा.

सीईटी_पालक | ६:५८
दादा, टक्क्यांचा एवढा घोर लावून घेऊ नका. इंजिनिअरिंगला आपल्याकडे सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर नंबर लागतो. बारावीला पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. तेवढे असले की विषय संपला. आम्ही गेल्या वर्षी याच भोवऱ्यात अडकलो होतो. महिना वाया गेला, पोरगं उपाशी राहिलं आणि शेवटी प्रवेश सीईटीवरच झाला. रिचेकिंगच्या मागे लागू नका, कॅप राउंडची, म्हणजे प्रवेश फेऱ्यांची कागदपत्रं गोळा करा. नॉन क्रीमिलेअर आणि डोमिसाइल आताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

होटगी_रोड | ७:०५
त्यांना ७५ हवेत म्हणजे मामला जेईईचा, देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा असणार. एनआयटी, आयआयटीला ७५ टक्क्यांची अट आहे. एससी, एसटीला ६५. आधी विचारून घ्या, मग सल्ला द्या.

सीईटी_पालक | ७:११
ती अटही तेवढी कडक नाही. ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये (वरच्या वीस टक्के मुलांत), दोन्हीपैकी एक असलं की चालतं.

होटगी_रोड | ७:१५
चालतं, पण त्या २० पर्सेंटाइलचा आकडा आज हातात आहे का? नाही. ७५ आज मोजता येतात. माणूस घाईत आहे, त्याला मोजता येणारं सांगा.

लूमवाले_बाबा | ७:२०
हो, जेईई. मेनला ९७ च्या वर पर्सेंटाइल आहे. नागपूरचं व्हीएनआयटी (तिथली एनआयटी) तिने आठवीपासून मनात धरलंय. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. कालपासून जेवलेली नाही. आज पाण्याची पाळी आहे, पाच दिवसांनी नळ आलाय. तेवढं भरून येतो.

मंगळवेढ्याची_ज्वारी | ७:३४
नागपूर कशाला गाठायचं? वालचंद आहे की आपलं. घरचं जेवून पोरगी शिकेल.

जुळे_सोलापूरकर | ७:३६
कुठलं वालचंद, सोलापूरचं का सांगलीचं? सांगलीचं १९४७ चं, आपलं १९८३ चं. दोन्ही वेगळी कॉलेजं आहेत. दर वर्षी कुणीतरी ऑप्शन फॉर्ममध्ये एकाच्या जागी दुसरं टाकतो.

मंगळवेढ्याची_ज्वारी | ७:३९
सोलापूरचं म्हणतोय मी. माझा भाचा आहे तिथे सिव्हिलला.

निवृत्त_केमिस्ट्री | ८:०२
मी कनिष्ठ महाविद्यालयात २९ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि बोर्डाचे पेपर तपासले. बाबा, पुण्याला जाऊ नका. तिथे समक्ष जाऊन मार्क बदलत नाहीत. अर्ज ऑनलाइनच आहे, बोर्डाच्या संकेतस्थळावर. आजपासून २० मेपर्यंत मुदत आहे.

'रिचेकिंग' म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, त्यातच सगळे फसतात. गुणपडताळणी म्हणजे फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघणं. विषयाला ५० रुपये. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत, विषयाला ४०० रुपये. पुनर्मूल्यांकन म्हणजे पेपर पुन्हा तपासणं, ३०० रुपये. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही आणि प्रत हातात आल्यावर कामाच्या पाच दिवसांत तो करावा लागतो. लोक घाईने ५० रुपये भरून मोकळे होतात आणि नंतर हळहळतात. तुम्ही छायाप्रतच मागा.

आता मला दोन गोष्टी सांगा. ६६ मध्ये थिअरी किती? आणि मुलीने पुरवण्या किती घेतल्या होत्या?

डिजिटल_सेवा | ८:१०
ज्यांना गुणपत्रिका मिळालेली नाही त्यांनी डिजिलॉकरमध्ये बघावं. आधार लिंक हवं. निकालाच्या साइटवर आसन क्रमांक आणि आईचं पहिलं नाव लागतं. आईचं नाव अर्जात जसं टाकलंय अगदी तसंच टाका.

लूमवाले_बाबा | ८:४५
गुणपत्रिका निघाली आहे, त्याचा प्रश्न नाही.

सर, थिअरी ३६, प्रॅक्टिकल ३०. पुरवणी एक. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, मुख्य उत्तरपत्रिका सेक्शन सीच्या शेवटी भरली, सेक्शन डी पूर्ण पुरवणीत लिहिला. तिला हेही आठवतंय की दोरा बांधायला घेतला तेव्हा शेवटची घंटा झाली होती. सुपरवायझर बाई गठ्ठा घ्यायला समोर उभ्या होत्या, म्हणून गाठ एकच मारली.

निवृत्त_केमिस्ट्री | ९:०३
डी म्हणजे पाचपैकी तीन प्रश्न, प्रत्येकी चार. बारा मार्कांचा ऐवज. तिने तिन्ही नीट सोडवले असतील आणि पुरवणी तपासायची राहिली असेल, तर ३६ चे ४८ पर्यंत जाऊ शकतात. राहिलीच असेल असं मी म्हणत नाही. पुरवणी व्यवस्थित तपासलेली असते आणि मार्क दुसरीकडेच गेलेले असतात, असंही मी कितीदा पाहिलंय. रासायनिक समीकरण संतुलित नसेल तर अर्धा मार्क जातो, संरचना काढताना एक बंध चुकला तरी जातो. घरी आपण उत्तर 'बरोबर' धरतो, तेव्हा हे अर्धे अर्धे मोजत नाही. पण शंका आहे आणि तिला जागा आहे, म्हणून प्रत काढाच.

बार्शीचा_अभी | ९:१०
पुनर्मूल्यांकनात मार्क कमी पण होतात. माझ्या मित्राचे झाले होते. त्यापेक्षा श्रेणीसुधारला, म्हणजे मार्क वाढवायला पुन्हा परीक्षेला बसवा. पास झालेल्यांना लागोपाठ तीन संधी आहेत. यंदाची जून-जुलै, मग २०२६ ची फेब्रुवारी-मार्च आणि नंतर त्याच वर्षीची जून-जुलै. मी स्वतः फिजिक्सला बसलो होतो.

होटगी_रोड | ९:१४
किती वाढले?

बार्शीचा_अभी | ९:२२
नऊ. पण त्या नऊसाठी पूर्ण उन्हाळा गेला. सोलापूरच्या ४३ डिग्रीत पत्र्याच्या खोलीत.

होटगी_रोड | ९:३०
बाबा, सगळ्या विषयांचे मार्क टाका. एक शंका येतेय. तुम्ही ६०० वर भागाकार केलाय का?

लूमवाले_बाबा | ९:४१
हो, ६०० वरच करतात ना? इंग्लिश ६४, मराठी ८१, मॅथ्स ७८, फिजिक्स ७७, केमिस्ट्री ६६, बायो ७९. बेरीज ४४५. म्हणजे ७४.१७. पाच मार्कांनी गेलं. म्हणून तर केमिस्ट्रीच्या मागे लागलोय.

होटगी_रोड | ९:५२
थांबा, कुठे जाऊ नका. एनआयटीसाठी टक्केवारी सहा विषयांवर काढत नाहीत, पाच विषयांवर काढतात. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि या चारांशिवाय जास्त मार्कांचा एक विषय. दोन भाषा असतील तर जिला जास्त मार्क ती धरतात. तुमच्याकडे भाषा मराठी ८१, पाचवा विषय बायो ७९. इंग्लिश बाहेर.

७७ + ६६ + ७८ + ८१ + ७९ = ३८१. ५०० पैकी ३८१ म्हणजे ७६.२.

७५ झालेत तुमच्या मुलीचे.

सीईटी_पालक | १०:०१
हे बरोबर आहे. मला सुचलं नाही. मी सीईटीच सीईटी करत बसलो. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम लिहिलेला आहे, बाबा, स्वतः वाचून खात्री करा. आणि इंग्लिश धरत नाहीत याचा अर्थ तो विषय पास व्हायचा नाही असा नाही. ती पास आहेच, म्हणून काही अडचण नाही.

मंगळवेढ्याची_ज्वारी | १०:०४
मराठीने तारलं बघा पोरीला! काय बेस्ट झालं.

जुळे_सोलापूरकर | १०:०६
हे मार्क पहिल्या पोस्टमध्ये टाकले असते तर सकाळी सातलाच सुटलं असतं. रागाने नाही लिहीत. पुढे कुणी धागा काढला तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

लूमवाले_बाबा | १०:५०
तुमचं सगळं वाचून तीन वेळा कागदावर बेरीज केली. मुलीने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः नियम वाचून काढला. नंतर आतल्या खोलीत गेली, आईला सांगितलं आणि दोघी रडल्या. आत्ता कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन बसली आहे. होटगी रोडवाले दादा, तुमचं नाव माहीत नाही मला. सोलापुरात कुठे भेटलात तर चादर तुमच्या खांद्यावर घातल्याशिवाय सोडणार नाही. ती मी माझ्या मागावर काढलेली असेल.

माझं चुकलं. मार्क सगळ्यांना दिसतच असतील अशा हिशोबाने मी लिहित होतो.

चिंतेत_पालक_पंढरपूर | ११:१५
इथेच विचारतो. माझा मुलगा कॉमर्सला आहे, अकाउंट्सला ३३ पडलेत, पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी?

डिजिटल_सेवा | ११:२०
कॉलेजमार्फत भरायचा. वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

निवृत्त_केमिस्ट्री | ११:३२
बाबा, छायाप्रतीचा अर्ज सोडून देऊ नका. ७५ झाले तरी बारा मार्क तिचे असतील तर ते तिचेच आहेत. आणि ३६ चे ४८ झाले नाहीत, तरी कुठे गेले ते कळेल. नाहीतर ते कोडं ती सोबत घेऊन नागपूरला जाईल.

लूमवाले_बाबा | दुपारी १:०५
भरला सर. ४०० रुपये गेले, पावती काढून ठेवली. तिने कपाटातून प्रश्नपत्रिका काढली आहे. तिच्यावर सुटलेल्या प्रश्नांना पेन्सिलीने खुणा आहेत. डीच्या तिन्ही प्रश्नांना गोल केलाय, चौथ्यावर काट आहे.

निवृत्त_केमिस्ट्री | १:१८
ती जपून ठेवा. प्रत आली की आधी पहिल्या पानावरचा मार्कांचा तक्ता बघा, मग शेवटून उलटं या. पुरवणीच्या पानांवर लाल पेनाची खूण आहे का नाही, एवढंच आधी बघायचं. ती नसेल तर लगेच इथे लिहा. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला पाचच दिवस मिळतात.

लूमवाले_बाबा | १:२०
लिहितो. आता शिफ्टला निघालो.